पाच रुपये प्राप्त झाले

गेल्या रविवारी, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्याच रविवारी, आमच्या चर्चमध्ये मौन प्रार्थना चालू असताना माझ्या पाच रुपयांच्या दानाची ध्वनिक्षेपकावरून जाहीर घोषणा झाली. या गोष्टीला आता पाच दिवस उलटले आहेत आणि मी ती विसरून जावी असे माझ्या पत्नीचे मत आहे. परंतु घोषणा तिच्या पैशांची झालेली नसल्यामुळे ते मत मी विचारात घेतलेले नाही.

मूळ दोष थंडीचा. मुंबईकराला थंडी सोसत नाही असे पुण्या-नाशिकची मंडळी म्हणतात, ते खरे नाही. सोसावी लागेल इतकी थंडी समुद्र आमच्यापर्यंत येऊच देत नाही. जानेवारीत सांताक्रूझचे सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश असते आणि कुलाब्याचे त्याहून थोडे चढेच. उत्तरेकडचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारा वारा दुपारी उशिरापर्यंत पत्ता लागू देत नाही, असे जे चार दिवस येतात त्यांना आम्ही हिवाळा म्हणतो आणि त्या चार दिवसांत वर्षभर पेटीत पडलेले सगळे लोकरीचे सामान एकदम अंगावर चढवतो. त्या सकाळी फोन १६ अंश दाखवत होता, त्यामुळे चर्चमध्ये पाऊल टाकताच डांबराच्या गोळ्यांचा असा काही दर्प आला, की संपूर्ण मंडळीच कपाटातून काढून बाकांवर मांडून ठेवली आहे असे वाटावे.

माझ्या मागच्या बाकावर एक काका बसतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईच्या थंडीविषयी त्यांचे मत ठाम आहे: २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, ती शेवटची खरी थंडी. त्यानंतर जे काही पडते ते नुसते ढोंग आहे. त्या दिवशी शाळकरी वयाच्या काकांनी थंड पाण्याने आंघोळ केली होती. मी ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा तो एक तांब्या होता, पुढे बादली झाली आणि यंदा विहीर आली. एवढे असूनही काका डिसेंबर लागला की माकडटोपी घालतात, आणि येथूनच माझ्या दुर्दैवाला आरंभ होतो, कारण काकांच्या कानात ऐकण्याचे मशीन आहे. त्या मशीनवर लोकरीची टोपी ओढली की ते स्वतःचाच आवाज ऐकून शिट्टी वाजवू लागते. शिट्टी वाजली की काका मशीन बंद करतात. मशीन बंद झाले की काका, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही अशा समजुतीने, दादरच्या पुलावर हाक मारावी तशा आवाजात बोलतात.

आता दानार्पणाकडे येतो. माझ्या लहानपणी लांब लाकडी दांड्याची एक जांभळी मखमली थैली बाकांवरून फिरत असे. तिच्यात मनगटापर्यंत हात घालायचा आणि आत मूठ उघडायची. आत बंदा रुपया पडला, नोट पडली की वडिलांनी दिलेले चार आणे स्वतःकडे ठेवून नुसती मूठ उघडली, हे फक्त देवाला कळे, आणि तो त्याबद्दल कोणापाशी बोलत नसे. गेल्या वर्षी कमिटीने ती थैली कापून काढली आणि त्याच दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकमध्ये बसवलेला क्यूआर कोड लावला. स्वयंसेवक हा दांडा बाकासमोर धरतो आणि आपण फोन त्याच्यावर रोखायचा. लांबून पाहिले तर मंडळी मासे गळाला लागण्याची वाट पाहत आहे, की मासाच माणसांची वाट पाहत आहे, हे सांगणे कठीण जाते.

दांडा माझ्यासमोर आला तेव्हा फोन कुलूपबंद होता. बोट लावले, फोनने ओळख दिली नाही. बोटाचा ठसा वाचणाऱ्या यंत्राला कातडीत थोडा ओलावा लागतो, कारण ठशाच्या उंचसखल रेषा ते विजेच्या अतिसूक्ष्म भारावरून जोखते. हवा कोरडी पडून बोटाची टोके भाकरीच्या पापुद्र्यासारखी झाली की त्या यंत्राच्या लेखी आपण नसतोच. मग चेहरा दाखवला. तो मफलरमध्ये होता. मागून काकांचा आवाज आला, "मफलर काढ रे! तोंड दाखव त्याला!" मी मफलर सोडवू लागलो, तर त्याचे टोक काकांनी मदतीच्या भावनेने धरून ठेवले होते. पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले होते. माझ्या फोनने मला पाच वेळा नाकारले, आणि कोंबडा काही आरवला नाही. अखेर आकडे दाबून फोन उघडला. मागचे तीन बाक थांबले होते, गाण्याचे शेवटचे कडवे चालू झाले होते आणि स्वयंसेवक मुलगा दांडा या हातातून त्या हातात घेत होता. मी पाचशेचा आकडा टाकला. म्हणजे मला तसे वाटले. माझ्या सुकलेल्या बोटाचा पाच पडद्याला पटला, पुढची दोन शून्ये त्याला जाणवलीच नाहीत, आणि मी घाईघाईने गुप्त आकडा दाबून मोकळा झालो. पडद्यावर एक चक्र फिरू लागले. आमच्या चर्चच्या भिंती दोन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या आहेत. त्यांतून थंडी आत येत नाही आणि नेटवर्कही येत नाही. मी फोन खिशात ठेवला.

पैसे जमा झाल्याची वर्दी देणारी ती बोलकी पेटी, जी वडापावच्या गाडीपासून वाण्यापर्यंत हल्ली सगळीकडे असते, ती नाताळात दिनदर्शिका विकण्यासाठी बाहेरच्या टेबलावर ठेवली होती. विक्री संपल्यावर खजिनदारांनी ती चार्जिंगला लावायची म्हणून आत आणली. चर्चमध्ये मोकळा प्लग एकच आहे आणि तो व्यासपीठाच्या मागे, पाळकसाहेबांच्या माइकपासून वीतभर अंतरावर आहे. पुढे काय होईल याचा विचार करण्यासाठी आमच्याकडे अकरा जणांची कमिटी आहे.

पाळकसाहेबांनी दोन मिनिटे मौन प्रार्थनेची सूचना केली. माना खाली गेल्या. इतकी शांतता पसरली, की रस्त्यावरच्या बसचा ब्रेक ऐकू आला. गेल्या वर्षी आपल्याकडून बोलण्यात, चालण्यात आणि देण्याघेण्यात जे उणे राहिले त्याची मनात उजळणी करावी, असे त्यांनी सांगितले होते. मी ती करीत असतानाच माझ्या फोनला बहुधा खिडकीतून कुठला तरी नेटवर्कचा धागा सापडला, आणि आमच्या चर्चच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांमधून टिंग असा आवाज होऊन एक अतिशय प्रसन्न स्त्री म्हणाली:

"पाच रुपये प्राप्त झाले."

येथे मला त्या स्त्रीविषयी तक्रार नाही. तिने नाव घेतले नव्हते. चर्चमध्ये दोनशे माणसे होती आणि पाच रुपये त्यांच्यापैकी कोणाचेही असू शकले असते. मी मान आणखी खाली घालून, कोण हा कंजूष, असा भाव चेहऱ्यावर आणण्याच्या बेतात होतो.

"काय म्हणाली?" काकांनी मागून विचारले.

मी ओठ न हलवता म्हणालो, "काही नाही, काका."

"अं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? बाई बोलली की! रुपये म्हणाली. किती म्हणाली?"

"पाच."

"पन्नास?"

"पाच, काका."

"पाचशे?"

या ठिकाणी मी मान डोलावली. जमिनीच्या किमतीतला काही भाग मागे ठेवून सगळे दिले असे प्रेषितांना सांगणारे हनन्या आणि सप्पीरा जागच्या जागी कोसळून मेले, हे मला संडे स्कूलपासून पाठ आहे, आणि मान डोलावल्यावर मी खरोखर क्षणभर स्वतःची नाडी पाहिली. ती चालू होती. शिक्षा वेगळ्या स्वरूपात येत होती.

"पाचशे दिले ह्याने!" काकांनी आपल्या शेजारच्या गृहस्थांना, आणि त्यांच्यामार्फत भायखळ्यापासून परळपर्यंतच्या जनतेला सांगितले. "मी बघत होतो ना मघापासून! किती झगडत होता बिचारा! मीच म्हटलं, तोंड दाखव त्याला!"

कर्ण्यातून पाच ऐकलेल्या आणि काकांकडून पाचशे ऐकलेल्या दोनशे माणसांनी ही वजाबाकी मौनातच केली. माझ्या पुढच्या बाकावरचे खांदे हलू लागले. त्या खांद्यांकडे पाहवेना म्हणून मी नजर नाताळच्या झाडावर खिळवली, ते अजून उतरवायचे होते. तरुण संघाने त्याच्यावर कापसाचे बर्फ पसरले होते. ज्या मुंबईत १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली, जिच्या गिरणगावात १९८२च्या संपापर्यंत कापसाच्या गाठी रचल्या जात, त्या गिरणगावात आता कापूस केमिस्टच्या दुकानातून पाकिटात येतो आणि वर्षातून एकदा त्याचे बर्फ होते, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. एरवी मी तो कोणाला तरी ऐकवला असता. झाडाच्या शेंड्यावरचा कापूस पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. एवढ्या थंडीतही पंखे चालू होते, कारण बंद केले की अर्ध्या मंडळीला उकडते.

"पण बाई कोण रे ती?" काका म्हणाले. "पाळकसाहेबांनी नवी ठेवली का कोणी?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवून, निदान दीड मिनिट आधी, "आमेन" म्हटले.

मी तंत्रज्ञानाचा शत्रू नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. २०१६ साली यूपीआय आले तेव्हा आमच्या इमारतीत दूधवाल्याला त्यावर पैसे देणारा पहिला माणूस मी होतो. २०२०च्या टाळेबंदीत १२ एप्रिलला ईस्टर आला तेव्हा आम्ही कुटुंबीयांनी जेवणाच्या टेबलावर फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उपासना केली, दानही फोनवरूनच पाठवले, आणि ही सोय कायम ठेवावी असे पत्र कमिटीला लिहिणाराही मीच होतो. ते पत्र खजिनदारांनी परवा मला फाइलमधून काढून दाखवले. पण त्या पत्रात मी थैली कापा असे कुठेही म्हटलेले नव्हते. दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नको, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात स्वच्छ लिहिले आहे, आणि आमच्याकडे तर कर्णे चार आहेत. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचे दानही प्रभूने पाहिले होते, मात्र त्याने शिष्यांना जवळ बोलावून ती गोष्ट सांगितली. मंदिराच्या अंगणात पुकारली नाही.

आणि माझे सोडा. माझ्या रांगेच्या टोकाला एक मावशी बसतात, त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. त्या दर रविवारी रुमालाच्या गाठीत चौपदरी घडी केलेली दहाची नोट आणतात. दांडा त्यांच्यासमोर आला की गाठ सोडायला हात जातो, मग तेथे थैली नाही हे आठवते आणि हात मांडीवर परत येतो. मी कमिटीच्या सभेत हे बोललो तेव्हा उत्तर मिळाले की मावशींच्या मुलाच्या फोनवरून होईल की. मुलगा दुबईला असतो. गेल्या रविवारीही त्यांनी ती नोट घरी परत नेली, आणि माझ्या पाच रुपयांवर हसून झाल्यावर याविषयी कोणी काही बोलले नाही.

उपासनेनंतर अंगणात चहा होता. गायनमंडळातल्या एका ताईंनी महागाई फारच वाढली आहे, नाही का भाऊ, अशी माझी विचारपूस केली. मी खिशातून पाचशेची नोट काढून खजिनदारांपुढे धरली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "सर, रोखीची वही ३१ डिसेंबरला बंद केली. आता सगळं स्कॅनवर." मी पाहतच राहिलो. मग त्यांनीच मोठ्या मनाने दांडा आणला.

काकांनी माझा मफलर धरला. बोट मी चहाच्या वाफेवर धरून चांगले ओलसर केले आणि यंत्राने मला पहिल्याच खेपेला ओळखले. यावेळी शून्ये मोजून टाकली, पुन्हा मोजली, शेजारच्या ताईंना दाखवली आणि मग पैसे पाठवले. अंगणात नेटवर्क उत्तम आहे. तेवढ्यात चौकीदाराने चर्चचा दरवाजा ओढून कुलूप लावले होते. लाकडी दाराआडून, रिकाम्या बाकांवरून, फार लांबून आल्यासारखा टिंग असा आवाज झाला. "पाचशे रुपये प्राप्त झाले," असे ती स्त्री झाडावरच्या कापसाला म्हणाली.

काकांनी माकडटोपी कानावरून वर केली, मशीन चालू केले आणि दाराकडे बोट दाखवले.

"काय म्हणाली?"

"पाचशे, काका! पाचशे!"

"ते मघाशीच दिले होतेस की," काका म्हणाले. "हजार झाले तुझे. उगाच."