जाळी बसवण्याआधी घरट्यात एकदा पाहावे

यंदाच्या श्रावणात टिळकवाडीतील आमच्या समोरच्या इमारतीत गॅलऱ्यांना जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले आणि तिसऱ्या मजल्यावरील एसीच्या मागचे पारव्याचे घरटे कामगारांनी काडीकचऱ्यासह खाली लोटले. घरट्यात दोन पिल्ले होती. एक जागीच गेले. दुसरे झडीच्या पावसात भिजत पायरीशी बसलेले शेजारच्या अक्कांना दिसले आणि त्यांनी मला हाक मारली. अक्का त्याला कन्नडमध्ये पारिवाळ म्हणतात, आम्ही पारवा म्हणतो, आणि पुढचा महिनाभर आम्ही दोघींनी मिळून त्याला सांभाळले.

ज्याच्यावरून लुगड्याच्या रंगाला पारवा हे नाव पडले, तो रंग पिल्लाच्या अंगावर नुकता कुठे उतरू लागला होता. डोक्यावर पिवळी लव शिल्लक होती आणि पंखांखालची कातडी अजून उघडी होती, यावरून ते सुमारे तीन आठवड्यांचे असावे. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात ही समजूत खरी नाही, त्यामुळे घरटे शाबूत असते तर पिल्लू परत तिथेच ठेवणे हाच सर्वांत चांगला उपाय होता. येथे घरटे उरले नव्हते आणि त्या जागेवर संध्याकाळपर्यंत जाळीही लागली होती.

पहिल्या तासाभरात जे सल्ले मिळाले ते सगळे मायेपोटी होते आणि जवळजवळ सगळे घातक होते. कोणी दुधात भिजवलेला पाव सुचवला, कोणी ड्रॉपरने चोचीत पाणी सोडायला सांगितले. पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे वरून सोडलेले पाणी सहज फुप्फुसात जाते आणि पिल्लू दगावते. गाईचे दूध त्याला पचत नाही. पारव्याचे नर आणि मादी दोघेही पहिल्या दिवसांत पिल्लाला जे ‘दूध’ भरवतात ते त्यांच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीच्या अस्तरापासून तयार होते. त्याचा आपल्या दुधाशी नावापुरताच संबंध आहे. शिवाय गारठलेल्या पिल्लाला अन्नही पचत नाही. म्हणून आम्ही त्याला आधी कोरडे केले, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्यात ठेवली आणि अंग उबदार झाल्यावरच खायला घातले. खोक्यात वर्तमानपत्राऐवजी जुना टॉवेल अंथरला, कारण गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात आणि तसेच राहू शकतात.

चिमणीच्या पिल्लासारखे पारव्याचे पिल्लू चोच वासून बसत नाही. ते आईबापांच्या चोचीत स्वतःची चोच खुपसून खाते. त्यामुळे माणसाला भरवताना त्याची चोच हलकेच उघडावी लागते. फ्रीजरमधले मटार कोमट पाण्यात सोडून, एकेक दाणा जिभेच्या मागे ठेवून आम्ही सुरुवातीला एका वेळी पंधरा-वीस आणि पुढे तीस-पस्तीस दाणे दिले. गळ्याखालची पिशवी भरली की हाताला मऊ लागते, ताठ लागू नये, आणि ती रिकामी झाल्याखेरीज पुढचा घास देऊ नये. ही एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण भुकेपेक्षा आपल्या घाईनेच अशी पिल्ले अधिक मरत असावीत. पाणी आम्ही खोलगट वाटीत ठेवले; पारवा चोच बुडवून पाणी ओढून पितो, आणि दोन-तीनदा चोचीचे टोक पाण्याला लावल्यावर ते त्याला आपोआप जमले. तोंडात पिवळसर, दह्यासारखे थर दिसले तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यांकडे न्यावे. आमच्या पिल्लाला तसे काही नव्हते, तरी आम्ही ते एकदा दाखवून आणले.

दहा-बारा दिवसांनी रविवार पेठेतून आणलेले जोंधळा, मूग आणि मका समोर पसरून मी बोटाने टकटक करू लागले आणि ते दाणे टिपायला शिकले. मग पिंजरा गॅलरीत, इतर पारवे दिसतील असा ठेवला. खोलीत ते कपाटावरून खिडकीपर्यंत नीट उडू लागले आणि सलग काही दिवस स्वतःच खाऊ-पिऊ लागले, तेव्हा गणपतीनंतरच्या एका उघडिपीच्या सकाळी थवा दाणे टिपत असताना आम्ही दार उघडले.

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला, त्याचे दाखले मला या महिन्यात अनेकांनी दिले. विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचे विकार होतात हे खरे आहे आणि मी ते हलके मानत नाही. सासूबाईंना दमा असल्यामुळे पिल्लू कधीही त्यांच्या खोलीत गेले नाही, आणि विष्ठा मी मास्क लावून, आधी ओली करूनच काढत होते. शेकडो पारव्यांना रोज पोत्याने दाणे घालण्याच्या मी विरोधात आहे आणि जाळ्यांच्या बाजूने आहे. मात्र जाळी ही मोकळ्या जागेवर बसवायची वस्तू आहे. अंडी साधारण अठरा दिवसांत उबतात आणि पिल्लू महिनाभरात उडते, म्हणजे अगदी ताजी अंडी असली तरी सात आठवडे थांबावे लागते. एवढ्या अवधीत कोणाचे आरोग्य ढासळत नाही; घरटे रिकामे झाले की त्याच दिवशी जागा धुऊन जाळी लावावी, पुन्हा अंडी घालायला वेळच देऊ नये.

आमच्या इमारतीच्या बैठकीत मी हेच मांडले. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गॅलरी आणि एसीची मागची बाजू पाहायचे ठरले, आणि दुसऱ्या मजल्यावर एका रिकाम्या कुंडीत दोन अंडी सापडली. ती एक गॅलरी सोडून बाकीच्या जाळ्या लागल्या आहेत. तिचे काम दिवाळीनंतर होईल, आणि कंत्राटदारानेही त्यासाठी जास्तीचे पैसे मागितलेले नाहीत.