गोळी कितवी चालू आहे?

काका, नमस्कार.

भावाची फिट आणि आमच्या त्रिवेंद्रमच्या फेऱ्या यांवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. म्हणून चार दिवस उत्तर दिलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तालुक्याच्या दवाखान्यात तुम्ही ३० वर्षं कंपाउंडर होतात. फिटचे पेशंट गोळ्या मध्येच सोडतात आणि मग डॉक्टरला नावं ठेवतात. गोळी वेळेवर घेतली की फिट थांबतेच. मुंबई-पुणं सोडून केरळ गाठणं ही हौस आहे, आणि मेंदूच्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगून मी साध्या माणसांना घाबरवते आहे.

गोळ्या सोडण्याचं तुमचं म्हणणं अगदी खरं. आमच्याच घरात झालंय ते. भाऊ चौदा वर्षांचा असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून आईनं गोळ्या बंद करून अंगारा सुरू केला. अकराव्या दिवशी एकामागून एक तीन मोठ्या फिट आल्या, जीप करून सोलापूरला पळवावं लागलं. त्यानंतर आईनं काय केलं, तर आजीचा पितळी पानाचा डबा रिकामा केला. चुन्याच्या कप्प्यात सकाळची गोळी, सुपारीच्या कप्प्यात दुपारची, काताच्या कप्प्यात रात्रीची. रोज झोपण्याआधी ती डबा उघडून बघायची. पुढची चौदा वर्षं एक गोळी चुकली नाही, काका. फिट मात्र महिन्याला चार-पाच यायच्याच.

तुमचं आणि माझं जमत नाही ते इथे. गोळी वेळेवर घेतली की फिट थांबते, हे बहुतेकांच्या बाबतीत बरोबर आहे. नीट उपचार मिळाले तर शंभरातल्या सत्तरांपर्यंत लोकांची फिट थांबू शकते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांचं काय? ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास छापला. त्यात पूर्वी कधीच औषध न घेतलेले ४७० पेशंट होते. पहिल्याच औषधानं ४७ टक्के लोकांची फिट थांबली. दुसऱ्यानं आणखी १३ टक्के. तिसरं औषध एकटं देऊन थांबली फक्त १ टक्क्याची. म्हणून आता जगभर असं धरतात, की योग्य निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधं लागू पडली नाहीत, तर हा आजार औषधांना दाद देत नाही असं समजायचं आणि पेशंटला अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, खास केंद्रात पाठवायचं. माझ्या भावावर सहा औषधं झाली. फेनिटॉइननं हिरड्या सुजल्या, तो तोंडावर हात धरून हसायला लागला. व्हॅल्प्रोएटनं वजन वाढलं. दुसरी गोळी आणि केंद्राचा रस्ता यांच्यात आमची सोळा वर्षं गेली. डॉक्टर वाईट होते असं मी आधीही म्हटलं नव्हतं, आत्ताही म्हणत नाही. ते प्रेमानं बोलायचे, फी सुद्धा पुष्कळदा घ्यायचे नाहीत. पण दर वेळी ‘डोस थोडा वाढवून बघू’ यापुढे गाडी गेली नाही.

आता केरळची हौस.

मी बार्शीची. आमच्या गावात नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. बीड, लातूर, धाराशिवकडून बोचकी घेऊन आलेली माणसं एसटी स्टँडवर लहानपणापासून बघते आहे. आजारासाठी गाव सोडून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर हौस कशी दिसते ते मला तरी ठाऊक नाही.

तरी तुमचा प्रश्न रास्त आहे. मुंबईत केईएमला अपस्माराची शस्त्रक्रिया होते, मग आम्ही तिकडे का नाही गेलो? खरं उत्तर जरा लाजिरवाणं आहे: आम्हाला माहीतच नव्हतं. अशी शस्त्रक्रिया असते हेच माहीत नव्हतं. आमच्याकडे फिट ही बोलायची गोष्टच नाही. ‘त्याला चक्कर येते’ असं आम्ही नातेवाइकांना सांगायचो. रस्त्यात कुणाला फिट आली की अजूनही लोक कांदा फोडून नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात. हिंदू विवाह कायद्यातही लग्न रद्द ठरवण्याच्या कारणांत वेडाच्या जोडीला अपस्मार बसवलेला होता. तो काढला १९९९ साली, म्हणजे भावाची फिट सुरू झाली त्याच वर्षी. कायद्यातून गेला, पण लग्नाच्या बैठकीतून कुठे गेला? जी गोष्ट झाकून ठेवायची तिच्याबद्दल चौकशी करणार कशी?

आम्हाला वाट दाखवली एका मल्याळी सिस्टरनं. बाबांच्या हर्नियाच्या वेळी त्या वॉर्डात होत्या. भाऊ डबा घेऊन आला आणि तिथेच त्याला फिट आली. त्याची फिट म्हणजे धाडकन पडणं नव्हे. तो एकटक बघायचा, ओठ चघळायचा आणि उजव्या हातानं शर्टाचं दुसरं बटण चाचपत राहायचा. मिनिटभरात संपायचं. आम्ही म्हणायचो, तंद्री लागली. सिस्टर शांतपणे घड्याळ बघत उभ्या राहिल्या आणि मग विचारलं, लहानपणी तापात झटका आला होता का? आला होता, सव्वा वर्षाचा असताना. त्यांनी डिस्चार्जच्या कागदामागे लिहून दिलं: श्री चित्रा, त्रिवेंद्रम. ही तिथली वैद्यकीय संस्था, तिथे १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रियेचं काम चालतं. त्यांच्या गावाकडचं नाव त्यांनी दिलं, आम्ही ते धरलं. सिस्टर परळच्या असत्या तर आम्ही परळला गेलो असतो.

२०१८ मध्ये जयंती जनतेनं निघालो. सोलापूरला बसायचं, अख्खा दिवस आणि रात्र गाडीत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पानाचा डबा सोबत. वाटेत काटपाडी लागतं, तिथे वेल्लोरच्या मोठ्या दवाखान्यात जाणारे उतरतात. त्यांच्याही हातात एमआरआयची तीच मोठी पाकिटं. एका फेरीत काही होत नाही. तपासण्या, मग घरी, मग पुन्हा बोलावणं. पतसंस्थेचं कर्ज अजून फेडते आहे.

व्हिडिओ ईईजी, म्हणजे फिटचं चित्रण आणि मेंदूतल्या विजेची नोंद एकाच वेळी घेणारी तपासणी, तिच्याबद्दल मागच्या वेळी दोन ओळीच लिहिल्या होत्या. डोक्यावर तारा चिकटवून वर पट्टी गुंडाळतात, समोर कॅमेरा लावतात आणि गोळ्या हळूहळू कमी करतात. म्हणजे फिट यावी म्हणून. एकोणीस वर्षं जी येऊ नये म्हणून नवस केले, तिची वाट बघत मी हातात बटण धरून बसले होते. आली की बटण दाबायचं, पांघरूण बाजूला करायचं, त्याला नाव विचारायचं, हात वर करायला सांगायचं आणि लक्षात ठेवायला एक शब्द द्यायचा. दोन रात्री काही नाही. तिसऱ्या रात्री पावणेतीनला त्याचा हात अंगावरच्या गाउनवर फिरायला लागला, बटण शोधत. गाउनला बटणच नव्हतं. मी माझं बटण दाबलं आणि सांगितलेलं सगळं विसरले. शब्द कुठला द्यावा? तोंडातून निघालं, ‘भाकरी’. दहा मिनिटांनी टेक्निशियननं हिंदीत विचारलं, ताईनं कुठला शब्द सांगितला होता? भावानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘तू कधी बोललीस?’

लांब जाण्याची खरी किंमत भाषेत लागते, तिकिटात नाही, आणि हे तुम्ही लिहिलं असतंत तर मी लगेच मान्य केलं असतं. स्मरणशक्तीच्या चाचण्या माणसाच्या मायबोलीत व्हायला हव्यात, कारण ऑपरेशनचा धोका त्यावरूनही ठरतो. भावाचं हिंदी टीव्हीवरचं. तिथल्या मॅडमनी खूप धीरानं घेतलं, मी मध्ये बसून अर्थ सांगितले. पण आठवण कमी की शब्द परका, हा प्रश्न मराठी येणाऱ्या माणसासमोर पडलाच नसता. म्हणूनच ज्यांना मुंबई-पुण्यात हे सगळं मिळतं त्यांनी तिकडेच जावं.

घाबरवण्याबद्दल. शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नसते. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीची फिट मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सुरू होत होती, तिला नव्या गोळ्या देऊन परत पाठवलं. भावाच्या एमआरआयवर उजव्या कानशिलाच्या आत हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा छोटा भाग, आक्रसलेला दिसत होता आणि फिटही तिथूनच निघत होती, म्हणून त्याचं जमलं. अशा, म्हणजे टेंपोरल लोबमधून (कानशिलाच्या आतल्या मेंदूच्या भागातून) फिट निघणाऱ्या, पेशंटांवर कॅनडात केलेला अभ्यास २००१ साली आला; कुणाचं ऑपरेशन करायचं आणि कुणाला नुसत्या गोळ्या द्यायच्या, हे त्यात चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. ऑपरेशन गटातल्या ५८ टक्के लोकांची शुद्ध हरपणारी फिट वर्षभर बंद राहिली, नुसत्या गोळ्यांवरच्या ८ टक्क्यांची. ५८ म्हणजे १०० नव्हे, हे आम्हाला सहीआधी नीट सांगितलं होतं. भावाच्या नजरेचा डावा वरचा कोपरा गेला. तेही आधी सांगितलं होतं. गिरणीत डाव्या फळीवरचा डबा त्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही. हो, आता तो गिरणी चालवतो. आधी बाबा त्याला पट्ट्याच्या जवळ फिरकू देत नव्हते. ऑपरेशननंतर दोनदा फिट आली, त्यातली एक गोळी चुकल्यावर. तुमचा मुद्दा तिथेही खरा ठरला. तीनच्या जागी एक गोळी राहिली आहे आणि ती अजून चुन्याच्या कप्प्यातच असते.

तुम्ही शेवटी तुमच्या दवाखान्यातल्या एका मुलीचं उदाहरण दिलंत. दहा वर्षं नेमानं गोळ्या घेते, आता छान आहे, ‘महिन्यातून एक-दोनदाच येते’ असं. काका, ते वाक्य वाचून मला आमची आई दिसली. तीही असंच सांगायची. तुम्ही निवृत्त झालात तरी त्या घरी तुमचा शब्द मानत असतील. तिला पुढची फिट आली तर कुशीवर वळवून झाल्यावर कुणीतरी मोबाइलवर चित्रण करा, आमच्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. एमआरआय कधी झालाय का ते विचारा. आणि आत्ता चालू आहे ती गोळी कितवी, तेवढं मला कळवा.