आकडा वाईट नसतो, आठवडा वाईट असतो

विलेपार्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून आपण अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे भागीदार झाला आहात, याचा आधी रीतसर अभिमान बाळगावा. रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा दिली आहे. आपण त्यातले जेमतेम दीड हजार पाठवले असतील, पण भागीदार तो भागीदारच. कंपनीचे नाव मॅनकाइंड. कंडोमच्या जाहिरातींमुळे घराघरांत पोचलेली दिल्लीची मॅनकाइंड ती वेगळी. हिच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एन’ जास्त आहे, कारण संस्थापकाचे आडनाव मॅन होते. मेहुण्यांना हा फरक दर दिवाळीला नव्याने समजावून सांगावा लागेल, याची तयारी ठेवावी.

कंपनीचे औषध म्हणजे अफ्रेझा, अर्थात जेवायला बसताना तोंडाने ओढून घ्यायचे भुकटीतले इन्सुलिन. 2010 आणि 2011 मध्ये दोनदा परत पाठवल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने, म्हणजे एफडीएने, जून 2014 मध्ये त्याला परवानगी दिली. मधुमेह्यांना सुई नको असते हे जगजाहीर असल्यामुळे पुढचा हिशेब आपण तेव्हाच बोटांवर केलात, तो बरोबरच होता. राहिले फक्त औषध खपण्याचे.

ते खपते आहे की नाही, हे पाहण्यासाठी शुक्रवारचा आकडा असतो. अमेरिकेत त्या आठवड्यात या औषधाच्या डॉक्टरांनी दिलेल्या किती चिठ्ठ्या दुकानांत वठल्या याचा अंदाज खासगी संस्था विकतात, आणि तो हाती येईपर्यंत आपण जेवणाचे ताट पुढे घेऊ नये. (तिथला बाजार आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ वाजता उघडतो, त्यामुळे घरातल्यांनाही वेळेचे वळण लागते.) आकडे दोन प्रकारचे असतात, नव्या चिठ्ठ्यांचा आणि एकूण चिठ्ठ्यांचा. नव्या वाढल्या आणि एकूण घटल्या, तर भविष्य नव्यांवरच ठरते असे म्हणावे. औषध सुरू केलेले रुग्ण ते पुन्हा घ्यायला का आले नाहीत, हा प्रश्न कोत्या मनाच्या माणसांसाठी सोडावा. एकूण वाढल्या आणि नव्या घटल्या, तर रुग्ण औषधाशी किती एकनिष्ठ आहेत याचे कौतुक करावे. दोन्ही घटल्या, तर दुसऱ्या संस्थेचा आकडा काढावा. या संस्था सगळी दुकाने मोजत नाहीत, काही मोजून बाकीच्यांचा अंदाज बांधतात, म्हणून दोघींचे आकडे सहसा जुळत नाहीत. त्यांतला मोठा असेल तो शास्त्रशुद्ध समजावा. दोघींनीही निराशा केली, तर डॉक्टरांनी फुकट वाटलेले नमुने या मोजणीत येत नाहीत, हे आठवून ताट वाढायला सांगावे.

याहून उपयुक्त साधन म्हणजे अमेरिकेचे पंचांग. पितृपक्षात फ्लॅटचे बुकिंग होत नाही हे आपला बिल्डर जितक्या शांतपणे सांगतो, तितक्याच शांतपणे आपण जुलैतला स्वातंत्र्यदिन, सप्टेंबरातला कामगार दिन आणि नोव्हेंबरातले थँक्सगिव्हिंग सांगावे. डिसेंबरात नाताळ असतो. जानेवारीत विम्याचे वर्ष नव्याने सुरू झाल्यामुळे रुग्णाला सुरुवातीचा खर्च पदरचा करावा लागतो. फेब्रुवारीत बर्फ पडतो. मोजायला योग्य असे वर्षातून चारपाच आठवडे उरतात आणि त्यांच्या आधारे आलेख काढायला कोणाची हरकत नसावी. पट्टी मात्र लाकडी वापरावी, कारण प्लॅस्टिकची खाली वाकते.

आता इतिहासाकडे वळू. फायझरने असेच ओढायचे इन्सुलिन, एक्झुबेरा, आपल्याआधी आणले होते. जानेवारी 2006 मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि ऑक्टोबर 2007 मध्ये फायझरने 2.8 अब्ज डॉलरचा भुर्दंड सोसून ते गुंडाळले. कोणी हा दाखला दिला, तर त्यांचे यंत्र टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढे होते आणि आपले शिट्टीएवढे आहे, असे ठणकावून सांगावे. ते खरेच आहे. इन्सुलिनच्या पेनाची सुई आता केसासारखी बारीक झाली आहे, टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे ज्याचे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही अशा, रुग्णाला अफ्रेझा घेऊनही दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन टोचूनच घ्यावे लागते, आणि साखर तपासत राहायची ती राहावीच लागते, हेही खरे आहे. परंतु चर्चा यंत्राच्या आकाराची चालू असताना विषयांतर करू नये. औषध देण्यापूर्वी फुप्फुसांची चाचणी करावी लागते आणि दमेकऱ्यांना ते देताच येत नाही, यालाही अडथळा म्हणू नये. साठून राहिलेली मागणी म्हणावे.

एवढ्याने भागले नाही, तर खलनायक हवा, आणि तो सनोफीच्या रूपाने आयता मिळाला आहे. ऑगस्ट 2014 मध्ये या फ्रेंच कंपनीने 15 कोटी डॉलर रोख मोजून आणि टप्प्याटप्प्याने आणखी साडेसत्त्याहत्तर कोटींपर्यंत देण्याचे कबूल करून विक्रीचे काम अंगावर घेतले, फेब्रुवारी 2015 मध्ये औषध बाजारात आणले आणि जानेवारी 2016 मध्ये हात वर केले. त्या बातमीसरशी शेअरचा भाव एका दिवसात जवळपास निम्मा झाला. सनोफी स्वतः लँटस हे इन्सुलिन विकते, तेव्हा तिने आपले औषध मुद्दाम दडपले, हे उघड आहे. दडपायच्याच वस्तूसाठी कोणी 15 कोटी डॉलर आधी का मोजील, असे आपल्या मुलीने विचारल्यास, तिला अजून जगाचा अनुभव नाही, असे म्हणून टीव्हीचा आवाज वाढवावा.

कंपनीची तिजोरी मात्र पाहू नये. चिठ्ठ्या आठवड्याला शेकड्यांनी मोजायच्या असत आणि खर्च तिमाहीला कोट्यवधींनी होत असे, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच कागदावर आले, तर विनाकारण जेवण जात नसे. ही तूट कंपनी बहुधा नवे शेअर विकून भरून काढत आली. पंगत बसलेली असताना यजमानाने मांडवाबाहेर आणखी पाने मांडावीत आणि श्रीखंडाचे पातेले तेवढेच असावे, तसा हा प्रकार असतो. पण आपण आपल्या पानाकडे पाहावे, वाटीकडे पाहू नये. मार्च 2017 मध्ये पाच शेअरांचा एक शेअर झाला आणि भाव रातोरात पाचपट दिसू लागला. ती सकाळ आपण साजरी केलीत, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एक अवघड गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पुढे कंपनीचा श्वास मोकळा झाला, तो अफ्रेझाच्या चिठ्ठ्यांमुळे फारसा नाही. फुप्फुसांतल्या उच्च रक्तदाबावरचे टायव्हॅसो हे दुसऱ्या कंपनीचे औषध. त्याची भुकटी मॅनकाइंडच्या तंत्राने तयार झाली, मे 2022 मध्ये तिला परवानगी मिळाली आणि स्वामित्वधन सुरू झाले. म्हणजे जे आपण सात वर्षे शुक्रवारामागून शुक्रवार मोजलेत, त्याचा कंपनी तरण्याशी संबंध बेताचाच होता. यावर, आपला विश्वास पहिल्यापासून भुकटीवर होता, असे सांगावे. जुन्या वह्या कोणी मागत नाही.

शिवाय आता वह्या नव्या लागतील. लोअर परळच्या सिप्लाने या औषधाच्या भारतातल्या विक्रीचा करार 2018 मध्येच केला होता, आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याला आपल्या औषध नियंत्रकांची परवानगीही मिळाली. यापुढे परक्या संस्थांच्या अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. स्टेशनासमोरच्या केमिस्टच्या फळीला टेकून, हातात वर्तमानपत्र धरून, संध्याकाळी तासभर उभे राहिले की झाले. पहिल्या दिवशी सातजण मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळ्या घेऊन जातील, दोघे इन्सुलिनचे पेन नेतील आणि एक आजोबा नुसताच भाव विचारून खोकत परत फिरतील. आजोबांची नोंद ‘नवी चिठ्ठी, प्रलंबित’ अशी करावी. केमिस्ट आपल्याला काय हवे म्हणून विचारू लागला, तर खोकल्याच्या गोळ्या घ्याव्यात, आणि तो दिवस पितृपक्षातला होता का, तेवढे घरी आल्यावर पाहावे.