हेल्मेटच्या वर तीन इंच

माणसाला शिक्षा होते ती सहसा उशिरा पोचल्याबद्दल. मला झाली ती लवकर पोचल्याबद्दल.

अमेरिकेत ड्रॅग रेसिंग म्हणून एक प्रकार आहे. पाव मैलाचा सरळसोट रस्ता. वळण नाही, चढ नाही, सिग्नल तेवढा आहे. दिवा हिरवा झाला की पाय दाबायचा आणि पलीकडे किती सेकंदांत पोचलो याची चिठ्ठी घेऊन परत यायचं. माझी १९६८ची प्लिमथ रोड रनर वर्षानुवर्षं बारा सेकंदांच्या वरच घुटमळत होती आणि आमचं दोघांचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. मग एका शनिवारी मागचे टायर बदलून गेलो आणि चिठ्ठीवर उमटलं ११.४७. मी ती चिठ्ठी मिरवत येतोय तोच तपासनीस आडवा आला. त्याने हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि हात न सोडताच सांगितलं, की रोल बार बसवल्याशिवाय आता इकडे फिरकायचं नाही.

नियम एनएचआरएचा, म्हणजे १९५१ सालापासून हा खेळ सांभाळणाऱ्या संस्थेचा. माझ्यासारख्या जुन्या गाडीला ११.४९ किंवा त्याहून कमी वेळ लागला की तिच्यात रोल बार हवाच. उघड्या टपाची गाडी असेल तर १३.४९पासूनच. रोल बार म्हणजे सीटच्या मागे उभी केलेली पोलादी नळीची कमान. गाडी उलटलीच तर टप आपल्या डोक्याला भेटायला खाली येऊ नये, एवढंच तिचं काम.

हे मी आईला फोनवर समजावून सांगितलं.

"गाडी उलटणार आहे का?"

"नाही गं."

"मग लोखंड कशाला?"

"उलटलीच तर."

"शुभ बोल रे नाऱ्या!" म्हणून तिने फोन ठेवला.

आता या गाडीचं कुळ सांगायला हवं. १९६८ साली प्लिमथवाल्यांनी ठरवलं, की इंजिन दांडगं द्यायचं आणि बाकी सगळ्यात हात आखडता घ्यायचा. ३८३ घन इंचांचं, ३३५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन, आणि पायाखाली कार्पेटऐवजी रबराची चटई. कार्पेटला पैसे नव्हते, पण कार्टूनमधल्या 'रोड रनर' पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले, आणि हॉर्न खास त्याच्यासारखा 'बीप बीप' ओरडणारा करून घेतला. मला या माणसांबद्दल अपार आदर आहे. खर्च कुठे करावा हे त्यांना कळत होतं.

कंपनीनेच गाडी एवढी सुटसुटीत ठेवलेली, म्हटल्यावर उघडायचं काम फारसं नसेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात पुढची सीट निघाली, मागची निघाली, मागच्या काचेखालची फळी निघाली, टपाचं आतलं अस्तर उतरलं. वेल्डिंग करायचं म्हणून बॅटरी आणि पेट्रोलची टाकीही निघाली. गॅरेजमध्ये गाडी कमी आणि गाडीचं सामान जास्त दिसायला लागलं.

मग मोजमाप. नियमानुसार कमानीचा माथा चालकाच्या हेल्मेटच्या वर किमान तीन इंच हवा, आणि कमान डोक्यापासून सहा इंचांच्या आत. हे सगळं चालक 'नेहमीसारखा' बसलेला असताना मोजायचं. सीट तात्पुरती परत ठेवली, मी हेल्मेट चढवून आत बसलो आणि टेप बायकोच्या हातात दिली.

"अहो, नेहमी बसता तसं बसा."

"तसाच बसलोय."

"काही नाही. तुम्ही नेहमी पोक काढून बसता. आत्ता फोटो काढल्यासारखे बसलाय."

कमान टपाला भिडवली असं धरूनही ताठ बसलं की तीन इंचांना थोडं कमी पडत होतं. पोक काढली की साडेतीन भरत होते. हे चालतं हे मला मनापासून पटलं होतं, पण बायको बधेना. शेवटी तडजोडीच्या बैठकीत सव्वातीन इंच मुक्रर झाले. बाजूची आडवी नळी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध यावी लागते, तेही मोजून झालं. हेल्मेट घालून बंद गॅरेजात, चाकं नसलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलेला इसम आणि शेजारी टेप घेतलेली बाई, हे दृश्य कुरिअरवाल्याने पाहिलं. त्याने सही न घेताच खोकं ठेवलं.

खोक्यात कमान होती. पावणेदोन इंच व्यासाची नळी, तिची भिंत ०.११८ इंच जाड. एकदा वाकवलेली ही वस्तू पुन्हा कुठेच वाकत नाही. ती टपाएवढी रुंद असते, जायचं असतं दारातून. आमच्या शेजारचे गृहस्थ जन्मभर वेल्डिंग करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, एक पाय आधी आत, मग फिरवायची. एक पाय आत गेला. दुसरा पाय अंगणाकडे. फिरवली, तर आतला पाय स्टिअरिंगच्या मागे जाऊन अडकला. उलटी फिरवली, तर माथा दाराच्या चौकटीत बसला, आणि इतका नेमका बसला की तो तिथलाच असावा. शेजारी बाहेरून ढकलताहेत, मी आतून ओढतोय, आणि मध्येच मला उमगलं की कमान आता दार अडवून बसली आहे आणि मी तिच्या आत आहे. "काच खाली केली होती का?" बायकोने विचारलं. नव्हती. काच खाली गेली, कमान तसूभर सरकली आणि कसलाही आवाज न करता जागेवर जाऊन उभी राहिली. इतका वेळ काय चाललं होतं, असा तिचा चेहरा.

पुढचा पेच खरा कारागिरीचा आहे. कमान टपाला भिडून बसली तर उत्तम, पण मग मागच्या तिरक्या नळ्यांचा सांधा वरच्या बाजूने वेल्ड कसा करणार? वेल्डिंगची टॉर्च शिरायला जागाच राहत नाही. यावर जाणत्यांचा तोडगा असा, की कमानीच्या पायांखाली गाडीच्या तळालाच भोकं पाडायची, कमान त्यांतून खाली सोडायची, वरचे सांधे गोल फिरून पूर्ण करायचे, मग ती उचलायची आणि भोकांवर पोलादी पट्ट्या बसवायच्या. या गाडीला वेगळी चासी नाही, पापडासारखा पत्रा आहे, म्हणून पट्ट्या लागणारच होत्या. सहा इंच चौरस, पाव इंचाच्या निम्म्या जाडीच्या. पण पन्नासहून अधिक हिवाळ्यांत रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेलं मीठ आणि गंज पचवून जो तळ शाबूत राहिला, त्याला मी आपल्या हाताने भोक पाडायचं? शेजाऱ्यांनी माझ्या हातातून होल-सॉ काढून घेतली आणि मला पाणी आणायला पाठवलं. परत येईपर्यंत भोकं पडली होती. चांगले डॉक्टर असेच असतात.

वेल्डिंगच्या वेळी माझ्याकडे ओल्या फडक्यांचं खातं आणि बायकोकडे अग्निशामक. पत्र्याखालचा जुना डांबरी थर तापला की आधी वास येतो, मग धूर, आणि मग घरातून कोणीतरी विचारतं "काय जळतंय?" सांधे नंतर घासून गुळगुळीत करायला नियमाने बंदी आहे. का, ते शेजाऱ्यांनी सांगितलं: घासला की सांधा पातळ होतो आणि वाईट कामही चांगलं दिसायला लागतं. मला हा नियम फार आवडला. इतरही काही क्षेत्रांत लावता येईल.

कमान झाली म्हणजे सुटलो असं नाही. तिच्यासोबत पाच पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे सीट बेल्टचा थोरला भाऊ, सक्तीचा, आणि त्याच्यावरच्या तारखेला दोन वर्षं झाली की तो पुन्हा नवा. मागची सीट आता शोभेची. आत शिरायचं तर आडवी नळी ओलांडायची, म्हणजे आधी पाय, मग पोट, मग उरलेला मी. आणि एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून सांगतो: हेल्मेटशिवाय डोक्यामागे पोलाद घेऊन फिरणं बरं नव्हे. वर पॅडिंग असलं तरी नाही. दूध आणायला मी आता दुसरी गाडी काढतो.

शनिवारी तपासनिसाने सगळं पाहिलं. नळीला मुद्दाम ठेवलेल्या बारीक भोकातून भिंतीची जाडी मोजली, पॅडिंग दाबलं, हार्नेसची तारीख वाचली आणि स्टिकर लावलं. मी लाइनीत लागलो, दिवा हिरवा झाला, पाय दाबला, चिठ्ठी घेतली.

११.५३.

कमानीचं वजन भरलं होतं साठेक पौंड. तेवढ्यानेच मी ११.४९च्या वर जाऊन बसलो होतो, म्हणजे या वेगाला रोल बारची सक्तीच नाही. तपासनिसाने पुन्हा हात हातात घेतला, या वेळी सांत्वनाला.

शेजारी म्हणाले, साठ पौंड कमी करायचे तर ते गाडीतूनच काढले पाहिजेत असं थोडंच आहे. म्हणताना माझ्या पोटाकडे पाहायची खरं तर गरज नव्हती. मी म्हटलं, जमेल. पण बायको विचारात पडली. "यांचं वजन उतरलं तर सीट कमी दबेल, सीट कमी दबली तर हे वर येतील," ती म्हणाली, आणि पर्समधून टेप काढली. "हेल्मेट घाला बघू."