गोणीतले तीन ग्रॅम

खतांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने मुलीच्या विज्ञानात नाक खुपसू नये. हे मला आता कळलंय. मार्चमधल्या त्या संध्याकाळी कळलं नव्हतं.

आमचं दुकान जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात. मुलगी आठवीत. युरियाच्या थप्पीला टेकून ती 'अणूचे अंतरंग' घोकत बसली होती. अर्धा तास एकच वाक्य चाललं होतं, "समस्थानिक म्हणजे अणुअंक समान, अणुवस्तुमानांक भिन्न." मला राहवेना. म्हटलं, "पाठ कशाला करतेस? तुझा बाप बारावी सायन्स आहे." (टक्के विचारू नका.)

सुरुवात झकास झाली. "तू ज्याला टेकलीस ना, तो युरिया. २०१८ च्या आधी गोणी ५० किलोची यायची, आता ४५ ची येते. मधले काही महिने दोन्ही एकाच थप्पीत होत्या. नाव तेच, माल तोच, पिकावर गुण तोच. उचलणाऱ्या हमालालाच काय तो फरक. झाले समस्थानिक!" मग पोटॅशियमवर आलो. त्याचे प्रोटॉन १९, हाच त्याचा अणुअंक. त्यांना हात लावायचा नाही, कारण एक कमी झाला की आर्गॉन आणि एक वाढला की कॅल्शियम. न्यूट्रॉन मात्र २० असोत, २१ असोत की २२, बोर्ड पोटॅशियमचाच. फक्त वजनाचे आकडे, म्हणजे अणुवस्तुमानांक, ३९, ४०, ४१ असे बदलतात.

"पप्पा, असं सोपं करून कुणीच सांगत नाही!" पोरगी म्हणाली. त्याच क्षणी शटर ओढून घरी जायला हवं होतं.

"मग क्लोरीनचं वस्तुमान साडेपस्तीस कसं? अर्धा न्यूट्रॉन कुठे गेला?"

हेही जमलं. व्यापाऱ्याचाच प्रश्न होता तो. क्लोरीनच्या दर चार अणूंत साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा. बेरीज १४२, भागिले चार. केळीच्या घडांची सरासरी काढतो तसंच. सरासरी साडेपस्तीस आली म्हणून साडेपस्तीसचा घड बागेत शोधायला कोणी जात नाही.

मग आला आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन विद्युतभार आलेला अणू, आणि माझा माज उतरला.

मी म्हटलं, "उधारीची वही बघ. पोटॅशियमने एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिला. म्हणजे त्याच्याकडे एक कमी झाला. कमी म्हणजे वजा. म्हणून पोटॅशियमचा ऋण आयन." पोरीने श्रद्धेने लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात चाचणीचा पेपर घरी आला, तेव्हा त्या वजाच्या चिन्हाभोवती लाल शाईचा एवढा मोठा गोल होता की मला तो न्यूट्रॉनच वाटला.

"पप्पा, तो धन आयन असतो."

"देऊन धन?"

"हो."

वीस वर्षं मी गावाला उधार देतोय. देऊन कोणी धन होतं, असा अनुभव निदान माझ्या वहीत नाही. त्या रात्री लाईट गेलेली, घराच्या धाब्यावर अंथरूण, आणि मी मोबाईलवर शोधतोय की हा अन्याय नेमका केला कोणी. तर अमेरिकेतले बेंजामिन फ्रँकलिन. विजेत अधिक कशाला म्हणायचं आणि वजा कशाला, हे त्यांनी अठराव्या शतकातच ठरवून टाकलं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, थॉमसनना. तोवर पाट्या लागून गेल्या होत्या आणि बिचाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला वजा आलं. म्हणजे पोटॅशियमने दिले ते पैसे नव्हतेच, कर्ज होतं! कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात घालून हा झाला धन, आणि क्लोरीनने ते हौसेने घेतलं. असं गिऱ्हाईक मला एकदाही भेटलेलं नाही.

त्या दोघांच्या व्यवहाराला आम्ही रोज 'लाल पोटॅश' म्हणून विकतो. म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. पाण्यात विरघळलं की दोघांची वाट वेगळी होते आणि केळीचं मूळ तो धन आयन ओढून घेतं. घड भरायच्या वेळी केळीला पोटॅश किती लागतं, हे इकडे शाळेत न गेलेला माणूसही सांगेल.

इथवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पोरगी आता धड्याच्या बाहेर वाचू लागली होती. "पप्पा, तिघांतला तो पोटॅशियम-४० किरणोत्सारी असतो. आणि तो केळ्यातही असतो!"

"काय सांगतेस! केळं किरणोत्सारी?" मी जरा मोठ्यानेच बोललो.

समोर काउंटरला आप्पा उभे होते. त्यांची केळीची कांदेबाग, पाच हजार खोडं, घड कापणीला आलेले. काही न बोलता ते निघून गेले. दिवेलागणीपर्यंत पारावर बातमी पक्की झाली की केळीत अणुबॉम्बचं काहीतरी निघालं आणि आता भाव पडणार.

घरी पोचलो तर माय दारातच. "केळामा काय शे म्हने? मंग एकादशीले मी काय खाऊ?"

मी तिला समजावलं की एका केळ्यात सेकंदाला जेमतेम दहा-पंधरा अणू फुटतात. माणसाच्या अंगात मुळातच पोटॅशियम असतं, त्यातले चारेक हजार फुटतात, तेही दर सेकंदाला, जन्मल्यापासून. "म्हणजे बघ माय, केळ्यापेक्षा तूच जास्त किरणोत्सारी." हेतू धीर देण्याचा होता. तिला एवढंच कळलं की पोटच्या पोराने आपल्याला केळ्यापेक्षा वाईट ठरवलं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. तिने माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघत, सावकाश तीन केळी खाल्ली.

आप्पा आठवड्याने आले. "भाऊ, एक गोणी पोटॅश दे. पन तो चाळीसवाला काढीसन दे."

मी म्हटलं, "आप्पा, तो काढता येत नाही. तिघांचे प्रोटॉन सारखे, इलेक्ट्रॉन सारखे. पाण्यात घाला, ॲसिडात घाला, तिघं सारखेच वागतात. मी काय चाळणीने चाळू?" आणि कॅल्क्युलेटर ओढला. ५० किलोच्या गोणीत निव्वळ पोटॅशियम २५ किलोच्या आसपास. त्यात चाळीसवाला शेकडा ०.०११७. "हे बघा. अख्ख्या गोणीत तीन ग्रॅम."

आप्पांनी चष्मा वर करून आकडा पाहिला, खात्री करून घेतली आणि पाकीट काढलं.

"मंग तीन ग्रॅमना पैसा कमी कर."