पायाखालचा रस्ता आणि ते कायम बंद असणारं गेट

लांबच्या राईडला निघताना आपण काय काय करतो बघा, टायरची हवा, चेनला ऑइल, जॅकेट, ग्लोव्ह्ज, हेल्मेटची काच पुसून घेणार. आणि "इथेच तर जायचंय" म्हटलं की तेच हेल्मेट आरशाला लटकतं नाहीतर कोपरात अडकवलेलं असतं आणि पायात चप्पल. मला हे सगळं उलटं वाटतं. जास्त सांभाळायचा रस्ता रोजचा आहे.

परवा मी थोडक्यात वाचलो. रस्ता इतका पायाखालचा की कुठला खड्डा कुठून चुकवायचा ते हातांना पाठ. त्या रस्त्यावर डाव्या हाताला एक लोखंडी गेट आहे, मी ते कधी उघडं बघितलेलंच नाही. परवा उघडं होतं आणि आतून एक कार सरळ रिव्हर्स रस्त्यावर आली. पांढरे लाईट दिसले, बोटं ब्रेक लिव्हरवर होतीच, दोन्ही ब्रेक लागले, एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमची, ती धडधड लिव्हरमधून बोटांना जाणवली आणि पुढचं चाक बंपरपासून हातभर अंतरावर थांबलं. गाडी थांबल्यावर ड्रायव्हरने मागे बघितलं, तोपर्यंत मी तिथे आहे हे त्याला माहीतच नव्हतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही.

वाचलो कारण स्पीड चाळीसच्या आत होता, बाकी काही नाही. साधा हिशोब आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. डोळ्यांना दिसून, डोक्यात शिरून, हात हलेपर्यंत सेकंदभर तरी जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच बाईक १७ मीटर पुढे गेलेली असते, ४० ला हेच ११ मीटर. आणि ब्रेक लागल्यानंतरचं अंतर स्पीडच्या वर्गाप्रमाणे वाढतं, ४० चे ६० केले की ते दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. रोजच्या रस्त्यावर हा वीसचा फरक आपल्या लक्षातही येत नाही, कारण ओळखीच्या रस्त्यावर स्पीड आपोआप चढतो आणि वाटतं आपण हळूच चाललोय.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाच्या टीमने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता, १९८१ मधे रिपोर्ट आला. जुना आहे, पण त्यातल्या काही गोष्टी वाचून आजही अंगावर काटा येतो. बहुतेक अपघात छोट्या ट्रिपमधले, किरकोळ कामाला निघालेले असताना, निघाल्याच्या जागेजवळच झालेले. धोका सुरू झाल्यापासून धडकेपर्यंत रायडरला दोन सेकंदही मिळत नाहीत. आणि जिथे दुसरी गाडी होती त्यातल्या दोन तृतीयांश अपघातांत त्या गाडीवाल्याने बाईकच्या हक्काच्या वाटेत गाडी घातलेली.

"दिसलीच नाही" असं हे लोक म्हणतात ना, ते बऱ्याचदा खरं असतं. कारच्या काचेच्या कडेचा खांब अख्खी बाईक झाकू शकतो. शिवाय समोरून सरळ येणारी बाईक लांबून अरुंदच दिसते, मोठी होताना जाणवत नाही आणि मग एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. म्हणून कुठे गाडी वळायला थांबलेली दिसली की मी लेनमधे थोडा बाजूला सरकतो, जरा हललं की नजर पडते, आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्यापेक्षा चाकाकडे बघतो, कारण तो आपल्याकडे बघत असला तरी त्याला आपण दिसलोच असं नसतं, चाक मात्र हललं की हललं.

पण नुसतं त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. पाठ असलेल्या रस्त्यावर आपणही रस्ता कमी बघतो, आठवतो जास्त. खड्डा आठवतो, स्पीडब्रेकर आठवतो, पण वळणावर कोणाच्या तरी ट्रकमधून सांडलेली खडी कालपर्यंत नव्हती, डिझेलचा तो चकचकीत पट्टा सकाळी नव्हता, आणि कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसात तोच रस्ता धूळ आणि ऑइलने इतका निसरडा होतो की ओळख काही कामाची राहत नाही. बंद गेट, उभी रिक्षा, बसच्या पुढचा न दिसणारा भाग, यातून आत्ता काहीतरी बाहेर येणार आहे असंच धरून चालवायचं. कोणी याला घाबरटपणा म्हणेल, म्हणू दे.

अजून एक, पुढचा ब्रेक. कितीतरी जण त्याला हातच लावत नाहीत, गाडी पलटी होईल म्हणून. अहो, जोरात थांबताना बहुतेक वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवायचं मोठं काम तोच ब्रेक करतो. एकदम आवळायचा नाही, आधी हलका धरायचा, वजन पुढे आलं की दाबत न्यायचा, हँडल सरळ ठेवून, आणि मागचाही सोबत. हे ऐन वेळी सुचत नाही, हाताला सवय लागते. त्यामुळे एखाद्या सकाळी मोकळी, कोरडी जागा बघा, हेल्मेटचा पट्टा लावा, ३० वरून थांबा, मग ४० वरून थांबा, आणि दोन्ही वेळा किती पावलं लागली ते उतरून मोजा.