ऐतिहासिक घरात खिळाही ठोकता येत नाही?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या मॉन्टगोमेरी काउंटीत (जिल्ह्यात) घर शोधणाऱ्यांमध्ये एक निरोप फिरतोय: ‘घर नॅशनल रजिस्टरमध्ये असेल तर खिळाही ठोकता येत नाही.’ हे खरं नाही. नॅशनल रजिस्टर ही केंद्र सरकारची ऐतिहासिक स्थळांची यादी; नुसत्या त्या नोंदीमुळे स्वतःच्या पैशाने बदल करणाऱ्या मालकावर केंद्र सरकारचं बंधन येत नाही. बंधन येतं ते काउंटीच्या १९७९ च्या वारसा कायद्याने, तेही घर काउंटीच्या वारसा आराखड्यात, म्हणजे जपायच्या ऐतिहासिक ठिकाणांच्या तिच्या स्वतःच्या यादीत, असेल तर. तेव्हासुद्धा परवाना लागतो तो बाह्यभागातल्या बदलांना. आतल्या स्वयंपाकघराशी वारसा समितीला देणंघेणं नसतं. मात्र आवारातलं मोठं जिवंत झाड तोडायलाही हाच परवाना लागतो, आणि हे बहुतेकांच्या गावीही नसतं. शिवाय बाहेरच्या मान्य दुरुस्तीखर्चाच्या २५ टक्के सवलत मालमत्ता करात मिळते. ते मात्र कुणी पुढे पाठवत नाही!